चेनचं बदक

“चेनचं पदक,” हे फोनमध्ये म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की शेजारी उभी असून मलाही ते ऐकू आलं नसतं. पण दोन दिवस घरात दुसरा विषयच नव्हता, त्यामुळे कळलं.

पलीकडून आबांचा आवाज आला. कोल्हापूरचं बोलणं साताऱ्याला फोन नसला तरी पोचलं पाहिजे, अशा हिशेबानं माझे वडील फोनवर बोलायचे.

“काय म्हणालासा, पावणं?”

“चेनचं... पदक.”

“चेनचं बदक?”

ह्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं.

“बरं,” आबा म्हणाले. “चेनला सांगतो.” आणि फोन बंद झाला.

सासूबाई माजघराच्या दारात उभ्या होत्या. “काय म्हणाले वस्ताद?”

“बरं म्हणाले,” हे म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

सासूबाई समाधानानं आत गेल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे फोनच्या वायरीचा गुंता सोडवत बसले, गुंता नव्हता तरी.

लग्नानंतरची ती माझी पहिली दिवाळी, म्हणजे जावयाचा दिवाळसण. दिवाळसणाला सासऱ्यानं जावयाला विचारायचं, काय पाहिजे, आणि जावयानं आधी काही नको म्हणायचं, ही रीत. आबांनी विचारलं, हे काही नको म्हणाले, आणि तिथंच थांबले असते. पण लग्नात आबांनी ह्यांच्या गळ्यात सोन्याची चेन घातली होती, आणि ती पाहिल्यापासून सासूबाईंना चैन पडत नव्हतं. नुसती चेन जनावराच्या गळ्यात असते, असं त्यांचं म्हणणं. माणसाच्या चेनला पदक हवं. त्यांनी ह्यांना पुन्हा फोन लावायला लावला, आणि स्वतः माजघराच्या दारात उभ्या राहिल्या.

आता आबांना बदक का ऐकू आलं, तर त्याला कारणं दोन. एक म्हणजे आबांचे कान. हिंदुराव सरनाईक हे पेठेतल्या तालमीचे वस्ताद. तरुणपणी कुस्तीत दोन्ही कान मोडले, ते तसेच राहिले. आबांना ऐकायला कमी येतं हे सगळ्या पेठेला माहीत होतं. किती कमी येतं, हे कुणी तपासलं नव्हतं.

दुसरं कारण म्हणजे चेन. कोल्हापुरात त्या काळी दातांचे एक चिनी डॉक्टर होते, त्यांचं आडनाव चेन. आबांची कवळी त्यांनीच बसवलेली. तेव्हा आबांच्या डोक्यात चेन म्हटलं की सोनं येत नसे, दात यायचे.

दिवाळीच्या आधी मी माहेरी निघाले, तेव्हा एसटीत सगळा वेळ एकच विचार करत होते. हे आणि सासूबाई भाऊबीजेला येणार. पाटावर बसणार. पदकाची वाट बघणार. आणि समोर येणार बदक. त्यानंतर माझं साताऱ्याच्या घरात काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पाच महिन्यांत हे मला आवडायला लागले होते, म्हणून तर जास्त भीती वाटत होती. आणि रागही होता. ज्या माणसाला फोनवर एक शब्द दुसऱ्यांदा नीट म्हणता येत नाही, तो उद्या माझ्यासाठी काय बोलणार, असं मनात आलं होतं.

घरी पोचले ते थेट स्वयंपाकघरात, सोनाआत्याकडे. आई माझ्या लहानपणीच गेली. आबांच्या धाकट्या बहिणीनं, सोनाआत्यानं, मला वाढवलं. तिला सगळं सांगितलं. ती चकल्या पाडत होती. तिनं घाणा पुरा होऊ दिला.

“माझ्या दिवाळसणाला अंगठी मागितली हुती,” ती म्हणाली.

“मग?”

“दिली की. तुझा आबाच घिऊन आलता. मग घड्याळ. मग सायकल. मग दारात म्हस बांधली.” तिनं झारा कढईच्या काठावर आपटून तेल निथळलं. “मग इथं द्यायला काय उरलं न्हाई, तवा मला धाडून दिली.”

आत्या परत कशी आली हे मला माहीत होतं. ते अंगठीपासून सुरू झालं हे माहीत नव्हतं. चकली माझ्या हातात होती, ती मी परत डब्यात ठेवली.

“आबाला सांगू का, बदक न्हवं पदक म्हणून?”

“सांगून बघ,” आत्या म्हणाली.

मी सांगायला गेले. आबा सोप्यात आरामखुर्चीत बसले होते.

“आबा, जावयांनी पदक मागितलंय.”

“व्हय. शिरोळहून येणाराय.”

“बदक न्हवं. पदक. प. पाण्यातला प.”

“पाण्यातलंच की. बदक काय माळावर ऱ्हातंय?”

मी आत जाऊन कागदावर ठळक अक्षरात ‘पदक’ लिहिलं आणि त्यांच्यापुढं धरलं. आबांनी कागद लांब धरला, जवळ धरला, खिसे चाचपले. “चष्मा कुठं ठिवला म्या?” चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मी तो खाली ओढायला हात पुढं केला, तोवर ते उठले आणि पायात चपला घालायला लागले. “चल. चेनकडं जाऊ.”

चेन डॉक्टरांचा दवाखाना बिंदू चौकाच्या अलीकडे होता. दारात जबड्याचं मोठं चित्र, आत खुर्ची, खुर्चीच्या वर अंबाबाईची तसबीर. डॉक्टरांचा जन्म कोल्हापूरचा, शाळा कोल्हापूरची.

“काय वस्ताद, कवळी ढिली झाली?”

“कवळी झ्याक हाय. बदक पायजे.”

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. “कसलं बदक?”

“चेनचं. जावयानं मागितलंय. तुमच्यात करतात तसलं.”

“मी कुठलं खातोय बदक? मी तांबडा-पांढरा खातो. त्यो पण शुक्रवार सोडून.” ते विचारात पडले. “आईला ठाऊक आसंल.”

आतल्या खोलीत डॉक्टरांच्या आई बसल्या होत्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांना मराठी समजायचं, पण बोलायच्या त्या आपल्याच भाषेत, आणि डॉक्टर त्याचं मराठी करून सांगायचे. बदक म्हटल्यावर त्यांनी आधी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काहीतरी विचारलं.

“कुणासाठी, म्हणून विचारत्याती.”

“जावयासाठी,” आबा म्हणाले.

म्हातारी थोडंसं हसली आणि काहीतरी बोलली.

“आई म्हणती, जावई तिकडं बी आसंच आसत्यात.”

मग त्यांनी कृती सांगितली. बदक सोलायचं नाही, नुसती पिसं काढायची. कातड्याच्या आत हवा भरायची, म्हणजे कातडं मांसापासून सुटतं. वरून उकळतं पाणी ओतायचं, मधाचं पाणी चोळायचं आणि दिवसभर वाऱ्यावर टांगून ठेवायचं. कातडं कागदासारखं सुकलं की भट्टीत भाजायचं. खायचं ते पातळ पोळीत गुंडाळून, पातीचा कांदा आणि काकडी घालून. चक्रीफूल तर आमच्या मसाल्यातही असतं. काळ्या सॉसची बाटली त्यांनी आपल्या फडताळातून काढून दिली.

“हवा कशानं भरायची?” मी विचारलं.

“फुंकून,” डॉक्टर म्हणाले. “न्हाईतर सायकलचा पंप आसला तर बघा.”

हे सगळं आबांना समजलं. मला तेव्हाच काहीतरी वाटायला हवं होतं. डॉक्टर काही ओरडून बोलत नव्हते. पण मी पदकाच्या विवंचनेत होते, आणि माणूस विवंचनेत असला की समोरचं हत्तीएवढं दिसत नाही.

पाडव्याला आमच्यात मटण-बिटण खात नाहीत, म्हणून आबांनी दिवाळसणाचं जेवण भाऊबीजेवर टाकलं होतं. बुधवार होता, कुणाच्या देवाची अडचण नव्हती. शिरोळचा एक जुना पठ्ठा पांढरंशुभ्र बदक खांद्यावरच्या पिशवीत घालून घेऊन आला. बदकानं अंगणातली आत्याची रांगोळी तुडवली, त्यामुळे त्याच्याबद्दल घरात कुणाला माया वाटली नाही.

पुढचं सगळं पेठेनं पाहिलं. आबा पाटावर बसून बदकाच्या मानेतून सायकलच्या पंपानं हवा भरत होते, आणि आत्या “बास, बास, फुटंल” म्हणत होती. बदक टम्म फुगलं. मग ते दारात, आकाशकंदिलाशेजारच्या आकड्याला टांगलं. पाडव्याला फराळाला येणारे लोक वर बघायचे आणि विचारायचे, “वस्ताद, ह्यो कसला कंदील?”

“चेनचा,” आबा सांगायचे.

संध्याकाळी चेन डॉक्टर आईला रिक्षातून घेऊन आले. म्हातारीनं स्टुलावर चढून बदकाच्या कातड्यावर बोट दाबलं आणि एक शब्द बोलली.

“आई म्हणती, लई भारी न्हाई, पण चालंल.”

त्या आजी उतरून निघताना मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या गालाला हात लावला. मला एकदम रडू आलं. ज्यांची भाषा मला कळत नव्हती त्यांच्यासमोर मी रडले. आत्यासमोर रडता आलं नसतं, ती या वाटेनं आधी जाऊन आली होती.

भाऊबीजेच्या सकाळी बदक गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत गेलं. दिवाळीत आमच्याकडे घरोघरच्या नानकटाईचे पत्रे तिथं भाजायला येतात.

“वस्ताद,” बेकरीवाला म्हणाला, “ह्ये आत घातलं तर लोकांच्या नानकटाईला वास लागंल.”

“काय?”

“वास लागंल, वास!”

“व्हय, वास झ्याक येणार,” आबा म्हणाले आणि बदक आत सरकवलं.

त्या वर्षी पेठेतल्या नानकटाईला कसलीशी वेगळीच चव होती. तक्रार कुणी केली नाही. आबांना ऐकू जाईल इतकं ओरडायचं कुणी?

दुपारी हे आले, सासूबाईही आल्या. सासूबाईंना भाऊ नव्हता, त्यामुळे भाऊबीजेला त्या मोकळ्या होत्या. ह्यांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं आणि नुसती चेन दिसत होती. उघडं ठेवायला कुणी सांगितलं असेल हे मी ओळखलं. सासूबाईंनी येताना मखमलीची एक छोटी डबी आणली होती, पदक परत नेताना घासू नये म्हणून. ती त्यांनी शेजारी, पाटाच्या कडेला ठेवली.

पाट मांडले, समया लावल्या, ताटाभोवती रांगोळी काढली. सगळं दिवाळसणाला शोभेल असं. मग आबा स्वतः दोन्ही हातांत परात घेऊन बाहेर आले.

परातीत बदक होतं. तांबूस, चकचकीत, मान एका बाजूला दुमडलेली.

सासूबाईंनी पदर सावरून परातीत वाकून पाहिलं.

“वस्ताद, हे काय?”

“चेनचं बदक. पावण्यांनी फोनवर सांगितलं हुतं.”

“फोनवर?” सासूबाईंनी मान वळवली. “जयसिंग, तू फोनवर काय सांगितलं होतंस?”

आत्या पोळ्यांची दुरडी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुरण न घातलेल्या पुरणपोळ्या तिनं सकाळपासून लाटल्या होत्या. ती तिथंच थांबली. माझ्या हातात कांद्याच्या पातीची वाटी होती. ह्यांनी एक शब्द बोलायचा होता, आणि तो कुठला असेल त्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य ठरायचं होतं. प की ब, एवढाच प्रश्न होता.

ह्यांनी बदकाकडे पाहिलं. आत्याकडे पाहिलं. मग शर्टाचं वरचं बटण लावून टाकलं.

“बदक,” हे म्हणाले.

“काय?”

त्या घरात आबांखेरीज दुसऱ्या कुणाला ऐकायला कमी यायची ती पहिलीच वेळ.

“बदक म्हणालो होतो, आई. साताऱ्यात मिळत नाही.”

सासूबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग डबीकडे. त्या काही वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या सासरीही त्यांना अशाच एखाद्या पदकावरून कुणी काही बोललं असेल. ते मी पुढं ऐकलंही. त्यांनी डबी उचलून पिशवीत टाकली आणि ताट जवळ ओढलं.

“वाढा,” त्या म्हणाल्या. “गार होईल.”

आत्यानं पोळ्या वाढल्या. तिचं लक्ष ह्यांच्याकडे होतं, म्हणून एक पोळी रांगोळीवर पडली. आबांनी सुरीनं कातडं काढून ह्यांच्या पानात घातलं, मग सासूबाईंच्या. कातडं कुरकुरत होतं, ते शेजारच्या घरातही ऐकू गेलं असेल. सासूबाईंनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसऱ्या घासाला “कातडं बरं झालंय” म्हणाल्या.

आबा हात धुवायला मोरीकडे गेले. सोपा लांबलचक, मोरी पार दुसऱ्या टोकाला. आबांची पाठ आमच्याकडे होती. मी ह्यांना काकडी वाढायला वाकले, तेव्हा हे माझ्या कानाशी पुटपुटले, “मीठ जरा कमी आहे.” मलाही ते अर्धंमुर्धंच ऐकू आलं.

“सोने,” मोरीतून, मागं न वळता, आबा म्हणाले, “पावण्यांस्नी मीठ दे.”

ह्यांचा घास हातात राहिला. मी वाकलेली तशीच राहिले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या क्षणी फोन, चष्मा, पाण्यातला प, बेकरीवाला, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून एकदम गेलं. आत्यानं शांतपणे मिठाची वाटी आणून ह्यांच्यासमोर ठेवलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

“वस्ताद,” सासूबाई म्हणाल्या, “कान कुणाला दाखवलेत का?”

आबांनी पंच्याला हात पुसले.

“काय?” ते म्हणाले.

संध्याकाळी आत्यानं आबांना ओवाळलं. दर भाऊबीजेला तिच्या ताटात ओवाळणी घालताना आबा खाली बघायचे, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. मला वाटायचं, ती रीतच असेल. त्या दिवशी त्यांनी वर पाहिलं, सरळ तिच्या तोंडाकडे. आत्यानं निरांजन खाली ठेवून डोळ्यांना पदर लावला. धूर गेला म्हणाली.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांना ऐकायला कमी यायचं. आम्ही दोघांनी त्यांना कधी काही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ह्यांच्या गळ्यातली चेन अजून नुसतीच आहे. भाऊबीजेला आमच्याकडे बदक असतं. सासूबाई होत्या तोवर कातडं पहिलं त्यांना लागायचं.

परवा आमच्या केतकीच्या होणाऱ्या सासरहून फोन आला. साखरपुडा झालेला, मुलगा चांगला, माणसंही बरी. हे फोनवर होते, मी भाजी निवडत होते. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. आमची काही अपेक्षा नाही, इथून सुरुवात झाली, आणि मग आवाज खाली आला. ह्यांचे कान आजही उत्तम आहेत. चार खोल्या पलीकडं दूध उतू गेलं तरी त्यांना ऐकू येतं.

ह्यांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“काय म्हणालात?”

पलीकडून पुन्हा काहीतरी आलं.

“बदक?” हे म्हणाले. “बरं.”

फोन ठेवून ते बाल्कनीत गेले, तिथल्या अडगळीत काहीतरी शोधायला लागले, आणि थोड्या वेळानं तिथूनच मला विचारलं, “सायकलचा पंप कुठं ठेवलायस गं?”